अंग आपोआप हलतंय? चिंचोळी एमआयडीसीपासून अमेरिकेपर्यंत या गोळ्यांच्या किमतीचं गणित काय आहे?

सोलापूरहून पुण्याकडे निघालात की मोहोळच्या अलीकडे चिंचोळी एमआयडीसी लागते. केमिकल, औषधांचा कच्चा माल आणि गाड्यांचे सुटे भाग यांचे कारखाने इथे आहेत. सोलापूरच्या बालाजी अमाइन्सचे प्रकल्प इथे आणि पलीकडे तामलवाडीला आहेत. स्मृती ऑरगॅनिक्सचा औषधांचा कच्चा माल बनवणारा कारखानाही चिंचोळीतच आहे. अमाइन म्हणजे अमोनियाच्या भावकीतली रसायनं. त्यांचा वास साधारण मासळीसारखा असतो.

या भावकीत डायमिथाइलअमाइन नावाचं एक साधं, टनावारी विकलं जाणारं रसायन आहे. डायबेटिसच्या मेटफॉर्मिन गोळीचा ते पाया आहे. टेट्राबेनाझिन नावाची आणखी एक गोळी आहे, तिच्या कृतीतल्या एका पायरीतही हेच डायमिथाइलअमाइन लागतं. मेटफॉर्मिन गल्लीतल्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळते. टेट्राबेनाझिनचं नाव मात्र बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. ज्यांच्या घरात कुणाचं तोंड, जीभ, हात किंवा मान आपोआप हलत राहते, त्यांनाच ते नाव भेटतं, आणि तेही बऱ्याच उशिरा.

याच टेट्राबेनाझिनची सुधारलेली आवृत्ती अमेरिकेत २०२४ मध्ये महिन्याला ६,६२३ डॉलरला होती. म्हणजे साडेपाच लाख रुपयांहून जास्त. एवढ्या साध्या रसायनापासून सुरू होणारी गोळी एवढी महाग कशी होते? आणि सोलापूरसारख्या शहरातल्या कामगाराच्या घरात असा आजार आला, तर तो खर्च कसा झेपवायचा?

आधी हे समजून घेऊ: कोणती हालचाल?

'हात थरथरतात' या एका वाक्यात आपण दहा वेगळे आजार कोंबतो. पार्किन्सन्समध्ये हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना थरथरतो आणि सगळं शरीर मंदावतं. इसेन्शियल ट्रेमरमध्ये कप उचलताना, सही करताना हात कापतो. कोरियामध्ये हातापायांना नाचल्यासारखे अनियमित झटके येतात. हंटिंग्टन्स या आनुवंशिक आजारात तो दिसतो. डिस्टोनियात मान किंवा हात पिळवटून एकाच बाजूला ओढला जातो.

आणि एक प्रकार असा आहे की घरच्यांना तो आजार वाटतच नाही. आजी सतत काहीतरी चघळतेय असं दिसतं. जीभ आत-बाहेर होते, ओठ मुडपले जातात, डोळे मिचकावले जातात. शेजारपाजारच्यांना वाटतं तंबाखूची सवय असेल. कुणी म्हणतं वयामुळे, कुणी म्हणतं बाहेरचं काहीतरी आहे. याचं वैद्यकीय नाव टार्डिव्ह डिस्कायनेशिया. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारं. बहुतेकदा ते आधी चालू असलेल्या एखाद्या औषधामुळे आलेलं असतं, आणि ते औषध सुरू होऊन महिने किंवा वर्षं उलटलेली असतात. म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही.

स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांत दिली जाणारी हॅलोपेरिडॉल, फ्लुफेनाझिन यांसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिनचा निरोप अडवतात. भास, संशय कमी होतात, माणूस पुन्हा घरात वावरू लागतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा 'देवराई' ज्यांनी पाहिलाय, त्यांना या गोळ्यांनी घराला काय परत मिळतं हे वेगळं सांगायला नको. पण निरोप वर्षानुवर्षं अडवला की पलीकडची निरोप घेणारी केंद्रं जास्तच कान टवकारतात. मग थोड्याशा डोपामिननेही हालचाल सुरू होते. २०१७ मध्ये जगभरातले ४१ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा ही औषधं घेणाऱ्या जवळपास चारांतल्या एका रुग्णात टार्डिव्ह डिस्कायनेशिया आढळला. नव्या पिढीच्या औषधांत प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही.

मानसिक आजार नाही, तरीही?

हो, आणि हा भाग शेअर करण्यासारखा आहे.

ॲसिडिटीच्या कॅप्सूलची स्ट्रिप उलटी करून बघा. रॅबेप्रॅझोल किंवा पॅन्टोप्रॅझोलच्या सोबत लेव्होसल्पिराइड लिहिलंय का? ब्रँडच्या नावाच्या शेवटी अनेकदा 'एल' किंवा 'एलएस' अशी अक्षरं असतात. हे लेव्होसल्पिराइड मूळचं मानसिक आजाराच्या औषधांच्या कुळातलं. कमी मात्रेत ते पोटाची हालचाल वाढवतं, म्हणून गॅस, जळजळ, पोटफुगीसाठी भारतात सर्रास दिलं जातं. अमेरिकेत त्याला मान्यता नाही. दोन आठवड्यांसाठी लिहिलेली कॅप्सूल लोक दुकानातून परत परत आणून दोन-दोन वर्षं घेत राहतात. मग चेहरा ताठरतो, चाल मंदावते, हात थरथरतात किंवा तोंड हलायला लागतं. न्यूरॉलॉजिस्टकडे गेल्यावर पहिला प्रश्न येतो, 'ॲसिडिटीची गोळी कुठली चालू आहे?'

उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड याच यादीत बसतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याच्या वेष्टनावर सर्वात कडक इशारा छापायला लावला: १२ आठवड्यांपेक्षा जास्त वापर टाळा. युरोपने २०१३ मध्ये आणखी आवळून ५ दिवसांवर आणलं. चक्कर येण्यावर दिलं जाणारं सिनारिझिन आणि अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन यांनीही, विशेषतः वयस्कर माणसांत, पार्किन्सन्ससारखी लक्षणं येऊ शकतात. 'डीएसआर' लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन असतं. ते मेंदूत फारसं पोचत नाही, त्यामुळे हा धोका त्यात बराच कमी आहे. सरसकट सगळ्या गोळ्यांना घाबरायचं कारण नाही.

इथे पैशाचा पहिला मुद्दा येतो. हालचाल औषधामुळे आली असेल, तर सर्वात स्वस्त उपचार म्हणजे ते औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवणं किंवा बदलणं. उलट अनेक घरांत एका गोळीचा परिणाम आवरायला दुसरी गोळी सुरू होते, दुसरीसाठी तिसरी. पोटाच्या गोळीने आलेल्या थरथरीवर पार्किन्सन्सची गोळी सुरू झाली, तर महिन्याचं मेडिकलचं बिल वाढतं आणि मूळ कारण तसंच राहतं.

मानसिक आजाराच्या गोळीचं मात्र असं नाही. ती स्वतःहून बंद करू नका, हे शंभरदा सांगितलं तरी कमीच. अचानक थांबवली तर मूळ आजार उलटतोच, आणि हालचालही काही काळ आणखी वाढू शकते. मात्रा कमी करायची, की क्लोझापिन किंवा क्वेटियापिनसारख्या कमी धोक्याच्या औषधावर जायचं, हा निर्णय मानसोपचारतज्ज्ञाचा.

आणखी एक गोष्ट. वर्षानुवर्षं साखर अनियंत्रित असलेल्या वयस्कर रुग्णात, जास्त करून स्त्रियांमध्ये, शरीराच्या एकाच बाजूला हात-पाय फेकल्यासारखी हालचाल अचानक सुरू होऊ शकते. साखर ताब्यात आणली की बहुतेकदा ती ओसरते. म्हणजे तिथे महागड्या गोळीऐवजी इन्सुलिन किंवा आपली साधी मेटफॉर्मिन कामाला येते. पण अशी अचानक, एका बाजूची हालचाल पक्षाघाताचीही असू शकते. तेव्हा घरी ग्लुकोमीटर शोधत बसू नका, थेट रुग्णालयात जा. लहान वयात थरथर किंवा वेडीवाकडी हालचाल सुरू झाली, तर विल्सन्स डिसीज, म्हणजे शरीरात तांबं साठण्याचा आजार, तपासून घेणं गरजेचं असतं. तो वेळेत सापडला तर औषधाने आवरता येतो.

मग टेट्राबेनाझिन काय करते?

कारखान्यातलं उदाहरण घेऊ. माल तयार झाला की पॅकिंग खात्यात तो ड्रममध्ये भरला जातो, मग गाडीत चढतो. मेंदूच्या पेशीत डोपामिन तयार झाल्यावर ते बारीक पिशव्यांमध्ये भरण्याचं काम व्हीमॅट-२ नावाचं प्रथिन करतं. टेट्राबेनाझिन हे पॅकिंग खातं मंदावते. माल कमी भरला जातो, म्हणून कमी बाहेर पडतो, आणि कान टवकारून बसलेल्या पलीकडच्या केंद्रांना निरोप कमी मिळतो. हालचाल उतरते.

या गोळीचं मूळ भारताच्या मातीपर्यंत जातं, हे फार थोड्यांना माहीत असतं. सर्पगंधा आपल्याकडे वेड आणि निद्रानाशावर शतकानुशतकं वापरली जायची. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण शास्त्रीय पद्धतीने मांडला, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. मधल्या काळात, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने सर्पगंधेतून रेझर्पिन वेगळं काढलं. रेझर्पिनही हेच पॅकिंग खातं बंद पाडतं, पण ते पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागतो. म्हणून रोश कंपनीच्या संशोधकांनी पन्नाशीच्या दशकात त्याच धर्तीवर, पण लवकर उतरणारं औषध शोधलं. तेच टेट्राबेनाझिन.

म्हणजे हा रेणू सत्तरएक वर्षं जुना आहे. त्याच्यावर आज कुणाचंही पेटंट नाही. भारतात तो सन फार्मासह काही कंपन्या बनवतात, आणि सन फार्माने २०१५ मध्ये अमेरिकेच्या बाजारातही त्याची जेनेरिक गोळी उतरवली.

या गोळीला दोन धारा आहेत. पहिली म्हणजे तिने नैराश्य येऊ शकतं, आत्महत्येचे विचारही. अमेरिकेत तिच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा आहे. आधी नैराश्य होऊन गेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. रुग्ण गप्प गप्प राहू लागला, जेवणातलं लक्ष उडालं, तर 'हालचाल तर थांबली ना' म्हणून दुर्लक्ष करू नका. दुसरी म्हणजे मात्रा जास्त झाली तर अंग ताठरतं आणि पार्किन्सन्ससारखं दिसू लागतं. म्हणून १२.५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर आठवड्याला हळूहळू वाढवतात.

आता शेजारच्या पार्किन्सन्सच्या रुग्णाकडे बघा. तो घेतो ती लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी नेमकं उलटं काम करते, डोपामिन वाढवते. बाहेरून दोघांचंही 'अंग हलतं'. त्यामुळे 'आमच्या भाऊंना ही गोळी लागू पडली, तुम्ही पण घेऊन बघा' हा प्रेमळ सल्ला इथे थेट धोक्याचा ठरतो.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या खाजकुइलीच्या चूर्णाचंही तसंच. त्यात खरोखर नैसर्गिक लेव्होडोपा असतं. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांवर त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे ते थोतांड नाही. खरं औषध आहे, म्हणूनच मोजमापाशिवाय घेऊ नये. गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं तर डोस किती झाला हे कुणालाच सांगता येत नाही. आणि टार्डिव्ह डिस्कायनेशियाच्या रुग्णाने ते घेणं म्हणजे आगीत तेल.

किंमत नेमकी कुठे वाढते?

अमेरिकेत २०१७ च्या एप्रिलमध्ये दोन नवी औषधं आली: तेव्हाची कंपनी आणि अमेरिकी नियामक यांच्या भाषेत 'नवे रेणू'. एक व्हॅल्बेनाझिन. दुसरं ड्यूटेट्राबेनाझिन, ब्रँडचं नाव ऑस्टेडो. यातलं दुसरं समजायला सोपं आहे. टेट्राबेनाझिनच्या रेणूतले काही हायड्रोजन काढून तिथे ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन बसवला. त्यामुळे यकृतात रेणू सावकाश तुटतो, गोळी जास्त वेळ टिकते आणि डोस कमी वेळा घ्यावा लागतो. टार्डिव्ह डिस्कायनेशियासाठी तिच्या रीतसर चाचण्याही झाल्या. टेट्राबेनाझिनला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली ती फक्त हंटिंग्टन्सच्या कोरियासाठी. फायदा खरा आहे, हे मान्य करायला हवं. पण साडेपाच लाख रुपये महिना ही किंमत त्या दोन-चार अणूंची नाही, मक्तेदारीची आहे.

अमेरिकेच्या सरकारी मेडिकेअर योजनेने किमतीच्या वाटाघाटीसाठी निवडलेल्या औषधांच्या दुसऱ्या यादीत, जानेवारी २०२५ मध्ये, ऑस्टेडोचा समावेश झाला. वर्षाअखेरीस ठरलेला दर जाहीर झाला: महिन्याला ४,०९३ डॉलर, लागू होणार १ जानेवारी २०२७ पासून. म्हणजे घासाघीस करूनही साडेतीन लाख रुपयांच्या आसपास. स्वस्त जेनेरिक कधी? ऑस्टेडोची मालक टेव्हा कंपनी आणि मुंबईची ल्युपिन, हैदराबादची अरबिंदो यांच्यातल्या तडजोडीनुसार अमेरिकेत ते एप्रिल २०३३ पासून विकता येईल. व्हॅल्बेनाझिनसाठी तर मार्च २०३८ उजाडेल. गोळी बनवायची कला भारतीय कंपन्यांकडे आहे. अडलंय ते कायद्याच्या कॅलेंडरवर.

अमेरिकेत असलेल्या मराठी मुलामुलींना एक सूचना. इथे आईला चालू असलेली साधी टेट्राबेनाझिन आणि तिथल्या जाहिरातीतली गोळी एकाच घरातल्या आहेत. 'तिकडचं चांगलं औषध' पाठवायची धडपड करण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारा की जुन्या गोळीने भागतंय का. अनेकदा भागतं.

भारतात स्वस्त आहे, मग अडचण काय?

अडचण यादीची आहे. केंद्र सरकारची अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी असते. शेवटची १३ सप्टेंबर २०२२ ला आली, तिच्यात ३८४ औषधं आहेत. यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं, आणि सरकारी रुग्णालयांची खरेदीही बरीचशी अशा याद्यांच्या आधारे होते. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी ठरवते आणि दर १२ महिन्यांना १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

आता गंमत बघा. हॅलोपेरिडॉल यादीत आहे. फ्लुफेनाझिन आहे, रिस्पेरिडोन आहे, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइडही आहे. पार्किन्सन्सची लेव्होडोपा-कार्बिडोपा आणि ट्रायहेक्सीफेनिडिल आहेत. टेट्राबेनाझिन नाही. म्हणजे ज्या औषधांनी तोंड हलायला लागू शकतं ती अत्यावश्यक, आणि ते हलणं थांबवणारं औषध मात्र ऐच्छिक! गंमत म्हटलं खरं, पण ज्याला भाकरीचा घास तोंडात धरता येत नाही त्याला ती गंमत वाटणार नाही. मानसिक आजाराची औषधं सरकारी पैशाने पोचवायची जबाबदारी आपण घेतली असेल, आणि ती घ्यायलाच हवी, तर त्यांच्या ठाऊक असलेल्या दुष्परिणामाचं औषध त्याच खिडकीत मिळायला हवं. पुढच्या वेळी ही यादी सुधारली जाईल तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांच्या आणि न्यूरॉलॉजिस्टच्या संघटनांनी हा मुद्दा लावून धरावा.

यादीत नसल्यामुळे काय होतं? लहान शहरातला दुकानदार माल ठेवत नाही, कारण महिन्याला गिऱ्हाईक एखादंच. मग स्ट्रिप मागवून घ्यावी लागते, चार दिवस गोळी चुकते. मात्रा वाढली की खर्च त्याच पटीत वाढतो, हेही आधी कुणी सांगत नाही. २५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी रोज, असं सुरू झालं तर महिन्याला १५ गोळ्या. तीच मात्रा रोज तीन गोळ्यांवर गेली तर ९०. खर्च सहापट. हिशेबापुरती गोळी १५ रुपयांची धरा, सव्वादोनशेचे साडेतेराशे होतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा की मात्रा साधारण कुठपर्यंत जाईल, आणि उपयोग होतोय की नाही हे किती दिवसांत ठरवायचं. उपयोग नसेल तर गोळी आवडीने कुणी चालू ठेवत नाही, पण विचारलं नाही म्हणून ती चालू राहते.

थोडा दिलासा २२ सप्टेंबर २०२५ पासून मिळाला. औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करासकट ११२ रुपयांना पडणारी स्ट्रिप १०५ ला पडायला हवी, म्हणजे साधारण सव्वासहा टक्के कमी.

एक चूक मात्र पैसे आणि तब्येत दोन्ही खाते. मानसिक आजाराच्या गोळीसोबत ट्रायहेक्सीफेनिडिल अनेकांना दिलेली असते. ताठरपणा आणि अचानक मान वळणं यांवर ती उपयोगी आहे. टार्डिव्ह डिस्कायनेशियात मात्र ती हालचाल वाढवू शकते. तोंड हलायला लागल्यावर दुकानदाराने 'हीच थोडी वाढवा' म्हटलं, तर वाढवू नका.

चिंचोळीतल्या कामगाराने काय करावं?

समजा चिंचोळीतल्या एखाद्या कारखान्यात मुलगा कंत्राटी कामगार आहे आणि घरी आईला हा त्रास आहे. पहिली गोष्ट, पगाराची चिठ्ठी बघा. ईएसआयसीची ०.७५ टक्के कपात होते का? मालकाचे ३.२५ टक्के वेगळे जातात. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत येतात, कंत्राटीसुद्धा, आणि उत्पन्नाच्या अटीत बसणारे अवलंबून आई-वडीलही. या योजनेत बाह्यरुग्ण विभागातली औषधंही येतात, आणि महिन्याच्या महिन्याला गोळी लागणाऱ्या आजारात खरा फरक तिथे पडतो. सोलापुरात राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे. आईचं नाव ईएसआयसीच्या कुटुंबाच्या यादीत घातलेलं नसतं, आणि ते आजारपण आल्यावरच कळतं. आज घाला.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी. रोजच्या गोळ्यांचं बिल त्यात निघत नाही. खूप घरांत 'कार्ड आहे ना' म्हणून निर्धास्त असतात, मग मेडिकलच्या काउंटरवर कळतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. सोलापूरचं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय मात्र डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. तो निर्णय त्याला लागू नाही, तरी केसपेपरचे आणि तपासणीचे दर खासगीच्या मानाने नाममात्र असतात. तिथे मानसोपचार आणि मेडिसिन, दोन्ही विभाग एकाच आवारात भेटतात. या आजारात ते फार सोयीचं आहे, कारण एक डॉक्टर गोळी कमी करणार आणि दुसरा वाढवणार, असा घोळ टळतो.

दुकानात किंवा जन औषधी केंद्रात ब्रँड न सांगता मूळ औषधाचं नाव सांगा. स्ट्रिपवर ते ब्रँडपेक्षा मोठ्या अक्षरात छापणं २०१८ पासून बंधनकारक आहे, त्यामुळे शोधायला अवघड नाही.

घरात कुणी आयकर भरत असेल आणि जुन्या करप्रणालीत असेल, तर १९६१ च्या कायद्यातलं कलम ८० डीडीबी लक्षात ठेवा. त्याच्या नियमांत कोरिया, हेमिबॅलिस्मस, डिस्टोनिया, ॲटॅक्सिया आणि पार्किन्सन्स यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक हवं आणि तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन हवं. वजावट ४० हजारांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत. पार्किन्सन्स हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, त्यामुळे त्या रुग्णांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. टार्डिव्ह डिस्कायनेशिया त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. पार्किन्सन्सच्या घरांसाठी पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून काम करतं. गोळीची वेळ, जेवण, चालताना पाय अडकणं अशा गोष्टी तिथे अनुभवी माणसांकडून कळतात.

डॉक्टरकडे जाताना

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळायला महिना लागतो आणि तपासणी दहा मिनिटांत उरकते. त्या दहा मिनिटांत हालचाल दिसेलच असं नाही. म्हणून मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा: स्वस्थ बसलेले असताना, पाण्याचा पेला उचलताना, चालताना, बोलताना. झोपेत हालचाल थांबते का, तेही बघा. टार्डिव्ह डिस्कायनेशियात ती साधारणपणे थांबते. व्हिडिओ डॉक्टरांसाठी आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, आईला ते आवडणार नाही.

गेल्या दोन वर्षांत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत भरून न्या. पोटाच्या, चक्करच्या, झोपेच्या, आयुर्वेदिक चूर्णाचा डबासुद्धा. 'ॲसिडिटीची काय दाखवायची' म्हणून मागे ठेवलेली स्ट्रिपच नेमकी कामाची निघू शकते. मानसिक आजाराची गोळी चालू असेल आणि अजून काही त्रास नसेल, तरी वर्षातून एकदा-दोनदा हालचालींची तपासणी करायला डॉक्टरांना सांगा. पाच-दहा मिनिटांची असते, मशीन लागत नाही. लवकर सापडलेली हालचाल थांबण्याची शक्यता जास्त असते.

आणि हालचाल एखाद्या औषधामुळे आली असं डॉक्टरांनी सांगितलं, तर तिची नोंद करता येते. भारताच्या औषध सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. रुग्ण किंवा नातेवाईकही त्यावर कळवू शकतात. फोन करताना स्ट्रिप हातात ठेवा. औषधाचं नाव, मात्रा, कधी सुरू केलं आणि त्रास कधी दिसला, एवढं विचारतील.